शरण कोणाला? ख्रिस्ती ईश्वरनिष्ठा, मानवी स्वेच्छा आणि धम्म

मनुष्याने स्वतःच्या इच्छेवर विसंबावे की स्वतःहून श्रेष्ठ अशा शक्तीवर, हा प्रश्न बहुतेक धर्मांना पडलेला आहे. ख्रिस्ती धर्माचे उत्तर निःसंदिग्ध आहे. मनुष्याची स्वेच्छा हीच त्याच्या पतनाचे मूळ असून तिचा त्याग करून ईश्वरावर भरवसा टाकणे हाच तारणाचा मार्ग होय, असे तो धर्म सांगतो. बौद्ध धम्म ईश्वराचे अस्तित्व गृहीत धरत नाही. तेव्हा हा विचार आपल्या अभ्यासाचा विषय का व्हावा, अशी शंका काही वाचकांना येईल.

कोल्हापूरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ ग्रंथांतला राहत नाही. या परिसरातील अनेक ख्रिस्ती घराणी ज्या वस्त्यांतून आली, त्याच वस्त्यांतून आपलीही घराणी आली आहेत. कोणाच्या आजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, कोणाच्या वडिलांनी १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली. सोयरीक टिकून आहे, जाणेयेणे आहे. घरात आजारपण आले, तरुण मुलाची नोकरी गेली किंवा अकाली मृत्यू ओढवला, म्हणजे ख्रिस्ती आप्त जवळ बसून सांगतात की सर्व काही प्रभूच्या इच्छेवर सोपवा. आपल्यातील काही तरुण हे शब्द ऐकून चिडतात, काही निरुत्तर होतात. दोन्ही गोष्टी अपुऱ्या अभ्यासाच्या द्योतक आहेत. दुसऱ्याच्या मताचे परीक्षण करण्यापूर्वी ते मत त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडता आले पाहिजे. या लेखात आम्ही प्रथम तसा प्रयत्न करू आणि नंतर धम्माच्या दृष्टीने त्याचा विचार करू.

ख्रिस्ती मताची मांडणी

बायबलच्या आरंभीच्या कथेत पहिल्या स्त्रीपुरुषांनी मना केलेले फळ खाल्ले. ख्रिस्ती धर्मचिंतकांच्या मते त्या कथेतील अपराध फळ खाण्यापुरता नाही. बरे आणि वाईट कोणते हे ईश्वराला बाजूस सारून आपणच ठरवू, ही वृत्ती हा खरा अपराध होय. म्हणून ख्रिस्ती परिभाषेतील पाप म्हणजे केवळ दुष्कृत्यांची यादी नव्हे. मनुष्याचे तोंड ईश्वराकडून फिरून स्वतःकडे वळणे, असा त्या शब्दाचा खोल अर्थ आहे. संत ऑगस्टिन (३५४-४३०) याने मानवजातीचा इतिहास दोन नगरांच्या रूपकातून पाहिला. एक नगर स्वतःवरील प्रेमावर उभारलेले आणि दुसरे ईश्वरावरील प्रेमावर.

याच ऑगस्टिनचा पेलॅजियसशी झालेला वाद प्रसिद्ध आहे. मनुष्य आपल्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो, असे पेलॅजियसचे म्हणणे होते. इच्छाच रोगी असेल तर ती स्वतःला बरे कशी करणार, असा ऑगस्टिनचा प्रतिप्रश्न होता. इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलॅजियसचे मत धिक्कारले. अकरा शतकांनंतर हाच वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ मध्ये मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये मानवी इच्छा बद्ध आहे असे त्याला उत्तर दिले.

या विचाराचा सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग गेथशेमाने बागेतला आहे. अटकेच्या रात्री येशू प्रार्थना करतो. समोर दिसणारे मरण टळावे अशी आपली इच्छा तो आधी उघडपणे बोलून दाखवतो आणि मग म्हणतो की माझ्या मनासारखे नको, तुझ्या मनासारखे होऊ दे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की येशूला स्वतःची इच्छाच नव्हती असे नाही. ती होती आणि त्याने ती लपवली नाही. दुसरी अशी की त्याचा भरवसा आंधळ्या दैवावर नसून ज्याला तो पिता म्हणतो त्या व्यक्तिरूप ईश्वरावर आहे. जाणता ख्रिस्ती मनुष्य ईश्वरावर भरवसा ठेवतो तेव्हा तो नशिबाला हवाला देऊन हातावर हात ठेवून बसत नाही. शाळा, दवाखाने, कुष्ठधामे आणि अनाथालये याच भरवशातून उभी राहिली. मिरज येथे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारलेले रुग्णालय आपल्या परिसरातील अनेक पिढ्यांना ठाऊक आहे.

येथवर ख्रिस्ती मत सुसंगत दिसते. परंतु एक प्रश्न शिल्लक राहतो आणि आमच्या मते तोच मुख्य प्रश्न होय. ईश्वराची इच्छा अमुक आहे, हे सांगणार कोण? ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये नेहमीच तिसरा कोणीतरी उभा असतो. कधी धर्मगुरू, कधी संस्था, कधी घरातला कर्ता पुरुष. मग 'स्वतःची इच्छा सोड' या उपदेशाचा अर्थ 'माझी इच्छा मान' असा होण्यास किती वेळ लागतो? हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांनी उपस्थित केलेला नाही. तो महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासाच्या पोटातूनच निघाला आहे.

कोल्हापूर मिशनचा धडा

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर हे १८४६ मध्ये अहमदनगर येथे आले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात दाखल झाले. येथील मिशनची सुरुवात त्यांनी केली. शाळा हे मिशनच्या कामाचे प्रमुख अंग असले पाहिजे असे त्यांचे मत होते. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवले होते, त्याचे धोरण मात्र त्या काळात शाळांपेक्षा देशी भाषांतील धर्मप्रचारावर भर देण्याचे होते. मतभेद वाढत गेले. १८६० च्या सुमारास बोर्डाने कोल्हापूरच्या कामावरील आपला हात काढून घेतला. शाळांची बाजू मांडणारे वाइल्डर यांचे पुस्तक १८६१ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले आणि ते स्वतः कोणत्याही बोर्डाच्या आधाराविना कोल्हापुरास परतले. सुमारे नऊ वर्षे त्यांनी काम स्वतंत्रपणे चालवले. १८७० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते आपल्याकडे घेतले.

वाइल्डर यांची ही कृती ईश्वरनिष्ठेची म्हणावी की स्वेच्छेची? संस्थेच्या दृष्टीने पाहिले तर ती शिस्त मोडणाऱ्याचा हट्ट ठरते. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने पाहिले तर ती माणसांच्या आज्ञेपेक्षा ईश्वराच्या पाचारणाला दिलेला मान ठरते. कृती एकच, पण तिची नावे दोन. बाहेरून पाहणाऱ्याला यांतले कोणते नाव खरे हे ठरवण्याचे साधन ख्रिस्ती सिद्धांत एकट्याने पुरवत नाही. त्यासाठी कृतीचा हेतू आणि तिचे परिणाम पाहावे लागतात.

वाइल्डर यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी मेळाव्यात त्यांच्या प्रेरणेने १०० तरुणांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी जाहीर केली. त्यातून पुढे विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ जगभर पसरली. त्या तरुणांच्या प्रतिज्ञेत आपली तयारी आणि ईश्वराची अनुमती ही दोन्ही अंगे एकत्र होती. निश्चय मनुष्याने करावयाचा आणि निर्णय ईश्वरावर सोडावयाचा. संकल्पाशिवाय समर्पणही घडत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

पंडिता रमाबाई: ईश्वराला होकार, पुरोहिताला नकार

या प्रश्नाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे आहे. शास्त्रपारंगत ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या या विदुषीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब उडाला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. ज्या स्त्रीने शास्त्रे वाचून त्यांतील पक्षपात ओळखला तिला आपला मार्ग निवडण्याचा अधिकार आहे, ही त्यामागची भूमिका होती.

रमाबाईंच्या नव्या धर्मबांधवांशी झालेल्या संघर्षाची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना आहे. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता मानल्या जात. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार अशा अनेक बाबतींत रमाबाई प्रश्न विचारीत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा चर्चमधील वरिष्ठांनी हरकत घेतली. रमाबाईंना हे मान्य होईना. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्या लोकांना परिचित अशी संस्कृत अक्षरे का नसावीत, असाही त्यांचा प्रश्न होता. सिस्टर जेराल्डिन यांना या सर्वांत अहंकार आणि हट्ट दिसला. रमाबाईंनी पत्रांतून दिलेले उत्तर सारांशाने असे होते: आपण मोठ्या प्रयासाने हिंदुस्थानातील पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे आणि आता दुसऱ्या पुरोहितांचे प्रत्येक वचन ईश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तशाच जोखडाखाली जाण्यास आपण तयार नाही. आपल्याला सदसद्विवेक दिलेला आहे आणि त्याचा वापर करणे हा ईश्वराचा अवमान नव्हे. ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या अभ्यासकांनी ती अवश्य वाचावीत.

हीच रमाबाई पुढे संपूर्ण ईश्वरशरणतेचे जीवन जगल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापन केले. सुमारे १८९१ नंतर त्यांच्या श्रद्धेला नवे वळण लागले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांचा स्वतःचा निष्कर्ष होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले होती. निश्चित उत्पन्न नसताना प्रार्थनेच्या भरवशावर संस्था चालते, असे त्या सांगत. त्याच वेळी तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम चालले, छापखाना चालला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर झाले. भरवसा होता आणि श्रमही होते.

सिस्टर जेराल्डिन यांना नकार देणाऱ्या रमाबाई आणि केडगावच्या रमाबाई यांच्यात आम्हांला विसंगती दिसत नाही. ज्या स्त्रीजवळ स्वतःची इच्छा होती आणि ती राखण्याचे बळ होते, तीच ती इच्छा अर्पण करू शकली. ज्याच्या मुठीत काहीच नाही, त्याने अर्पण करावयाचे ते काय?

याच ठिकाणी एक कठीण प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे. दुष्काळात आईबाप गमावून केडगावी आलेल्या दहा वर्षांच्या मुलीचे काय? तिला अन्न मिळाले, अक्षर मिळाले, जीव वाचला. हे उपकार लहान नाहीत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ईश्वरावर भरवसा ठेवण्याची निवड तिने केली की तिच्यासाठी ती दुसऱ्याने केली? निवड करण्याची शक्ती ज्याच्यात अजून जागीच झालेली नाही, त्याला निवडीचा त्याग शिकवणे यात धोका असतो.

आणखी एक बाजू लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची पूर्वकल्पना नव्हती आणि त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार स्वतःच्या बुद्धीने केला, तो मनातून काढून टाकला आणि मगच १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. ईश्वरावर सर्व भार टाकणाऱ्या पतीच्या घरात तांदूळ, मीठ आणि पाहुणे यांचा भार कोण वाहत होते, हे १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त हसतखेळत पण स्पष्ट लिहिलेले आहे. एकाने केलेल्या समर्पणाची किंमत दुसऱ्याला चुकवावी लागत असेल, तर तिचाही हिशेब झाला पाहिजे.

धम्म काय सांगतो

आता तथागतांच्या शिकवणुकीकडे वळू. रोगाच्या निदानात धम्म आणि ख्रिस्ती मत यांच्यात बरेच साम्य आहे. 'मी' आणि 'माझे' यांना घट्ट धरून बसणे हे दुःखाचे कारण आहे, हे तथागतांनी तृष्णा आणि अनात्म या सिद्धांतांतून सांगितले. फरक उपचारात आहे.

अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात तीन मतांचे परीक्षण येते. मनुष्याला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे पहिले मत. ते सर्व ईश्वरनिर्मित आहे, हे दुसरे. ते सर्व अकारण आहे, हे तिसरे. तथागत म्हणतात की यांपैकी कोणतेही मत शेवटपर्यंत ताणले तर मनुष्य अक्रियेपाशी येऊन थांबतो. खून करणाराही ईश्वराच्या निर्मितीमुळेच खून करतो असे मानावे लागेल. मग हे करावे आणि हे करू नये, असा छंद म्हणजे संकल्प आणि व्यायाम म्हणजे प्रयत्न यांना जागाच उरत नाही. ही टीका केवळ ईश्वरवाद्यांवर नाही. पूर्वकर्माचे नाव सांगून आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांवरही ती तितकीच लागू पडते.

त्याच निकायात अत्तकारी सुत्त आहे. एक ब्राह्मण येऊन म्हणतो की स्वतः करणाराही कोणी नाही आणि दुसरा करणाराही कोणी नाही. तथागत त्याला विचारतात की जो आपल्या पायांनी पुढे येतो आणि आपल्या पायांनी मागे जातो, तो असे कसे म्हणू शकतो? प्राण्यांमध्ये आरंभ करण्याची शक्ती आहे, पराक्रम आहे, हे डोळ्यांना दिसते. अनात्म सिद्धांताचा अर्थ मनुष्य असहाय आहे असा करणाऱ्यांना हे सुत्त परस्पर उत्तर देते.

मग इच्छेचे काय करावयाचे? संयुत्त निकायात उण्णाभ नावाचा ब्राह्मण भदंत आनंदांना हाच प्रश्न विचारतो. छंदाचा नाश छंदानेच करावयाचा, तर मग या मार्गाला अंत कसा असणार? आनंद त्याला त्याचाच अनुभव विचारतात. या आरामात यावे असा छंद तुझ्या मनात आधी होता ना? आणि येथे पोहोचल्यावर तो छंद शमला ना? तसेच हे आहे. कुशल इच्छा मनुष्याला मुक्कामापर्यंत नेते आणि तेथे तिचे काम संपते. म्हणूनच चार इद्धिपादांत पहिले स्थान छंदाला आहे. धम्म इच्छेला दुसऱ्याच्या स्वाधीन करीत नाही. तो तृष्णा आणि कुशल छंद यांतील भेद ओळखायला शिकवतो आणि पहिलीला क्षीण करून दुसऱ्याला बळ देतो.

श्रद्धेलाही धम्मात स्थान आहे. पाच इंद्रियांत ती पहिली आहे, परंतु प्रज्ञा पाचवी आहे आणि दोहोंचा समतोल राखावा लागतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा मान एवढ्यावर विसंबू नका असे सांगितले. वीमंसक सुत्तात तर त्यांनी भिक्खूंना खुद्द तथागतांचेच परीक्षण करण्यास सांगितले आहे. तेविज्ज सुत्तातील वासेट्ठ आणि भारद्वाज यांचा प्रसंग बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच कारणासाठी घेतला. ज्याला कोणी पाहिलेले नाही त्याच्याकडे जाण्याचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे असे सांगणाऱ्याला, तू तो पाहिलास काय, एवढाच प्रश्न तेथे विचारलेला आहे. १९५० मध्ये महाबोधि सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी येशू, महंमद, कृष्ण आणि बुद्ध यांची तुलना केली. स्वतःला ईश्वराचा पुत्र, प्रेषित किंवा स्वतः ईश्वर न म्हणवता मनुष्य म्हणून राहणारा आणि मोक्षदाता नव्हे तर मार्गदाता असणारा शास्ता म्हणून त्यांनी तथागतांकडे पाहिले. याच बाबासाहेबांनी १९३८ च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला होता आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजातील जातिभेद व सामाजिक उदासीनता यांवर बोटही ठेवले होते. आदर आणि परीक्षण एकत्र नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ होय.

निःपक्षपातीपणासाठी हेही नमूद केले पाहिजे की बौद्ध जगातही पर-बळावर भरवसा टाकणारी परंपरा आहे. जपानमध्ये शिनरान (११७३-१२६२) यांनी स्वतःच्या बळाचा अभिमान सोडून अमिताभाच्या संकल्पावर विसंबण्याची शिकवण दिली. मनुष्याला आपल्या अपुरेपणाची जाणीव होते तेव्हा तो आधार शोधतो, ही गोष्ट एका धर्माची मिरास नाही.

आपल्यासाठी बोध

आपल्या समाजाला 'स्वतःची इच्छा सोडा' हा उपदेश ऐकताना बोचतो, याला इतिहास आहे. शेकडो वर्षे आपल्याला इच्छा बाळगण्याचीच मनाई होती. कोणत्या विहिरीचे पाणी प्यावे, कोणत्या रस्त्याने चालावे, कोणते वस्त्र नेसावे, हे दुसऱ्याने ठरवले आणि ती देवाची इच्छा आहे असे सांगितले. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेब उभे राहिले, त्या परिषदेचा अर्थच मुळी हा होता की आमच्या वतीने आमची इच्छा आम्हीच बोलू. ज्या समाजाने आपली इच्छा अशी झगडून मिळवली, तो ती सहजासहजी कोणाच्या चरणी ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

परंतु येथेच आपण थांबलो तर लेख केवळ दुसऱ्यावरील टीका होईल. ख्रिस्ती विचाराने स्वेच्छेवर ठेवलेले बोट आपल्यालाही लागू पडते. 'अत्त दीप भव' हे वचन आपल्या विहारांच्या भिंतींवर असते. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदांना केलेल्या मूळ उपदेशात मात्र स्वतःला दीप, स्वतःला शरण असे म्हटल्यानंतर लगेच धम्माला दीप आणि धम्माला शरण असे जोडलेले आहे. आपण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो. त्यामुळे स्वावलंबन आणि मनमानी यांतील सीमारेषा पुसट झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची शकले होऊ लागली. प्रत्येक गटाचा पुढारी आपणच खरे अनुयायी असे सांगत राहिला. विहाराच्या कार्यकारिणीत, जयंती मंडळात हीच गोष्ट लहान प्रमाणावर दिसते. ही स्वाभिमानाची लक्षणे म्हणावीत की ऑगस्टिनने वर्णन केलेल्या, स्वतःकडेच तोंड असलेल्या इच्छेची?

याच्या उलट टोकाचाही दोष आपल्यात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, हे जॉन स्टुअर्ट मिलचे मत त्यांनी तेथे सांगितले. त्यांचेच अनुयायी म्हणवणारे आपण एखाद्या पुढाऱ्याने किंवा वक्त्याने बाबासाहेबांचे नाव घेतले की त्याचे म्हणणे तपासणे सोडून देतो. ईश्वराच्या जागी महापुरुष बसवला आणि त्याच्या नावाने बोलणारा पुरोहित तसाच राहिला, तर बदलले काय?

मराठीत 'शरण' या शब्दाने घोटाळा होतो. युद्धात हरलेला शरण येतो, शस्त्रे खाली ठेवतो. पाली 'सरण' शब्दाचा अर्थ आश्रय असा आहे. वादळात मनुष्य घराचा आश्रय घेतो, म्हणून त्याचे हातपाय गळत नाहीत. उलट उद्याच्या कामासाठी तो बळ सांभाळतो. त्रिशरण घेताना आपण पराभव पत्करीत नाही. ज्याचे परीक्षण करून पाहिले अशा मार्गाचा आश्रय घेतो.

म्हणून ख्रिस्ती आप्त दुःखाच्या प्रसंगी जवळ बसून ईश्वराच्या इच्छेविषयी बोलतील, तेव्हा वाद घालण्याची घाई नको. त्यांच्या शब्दांत मीपणा सोडण्याची जी हाक आहे ती ओळखावी. तो भरवसा त्यांना उभे राहण्याचे बळ देत असेल, तर त्याचा आदर करावा. मात्र ईश्वराच्या नावाने कोणी मनुष्य आपली इच्छा दुसऱ्यावर लादू लागला, औषध थांबवू लागला, मुलीचे शिक्षण तोडू लागला किंवा अन्याय सोसायला सांगू लागला, तर रमाबाईंनी विचारला तोच प्रश्न विचारावा: ही ईश्वराची आज्ञा की तुमची? आणि आपल्या विहारात, आपल्या संघटनेत कोणी बाबासाहेबांच्या किंवा धम्माच्या नावाने तसेच करू लागला, तर तोच प्रश्न तेथेही तितक्याच निर्भयपणे विचारावा. हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या घरात लहानपणापासून लागेल, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी पुढे कोणत्याही धर्मात राहो, ती कोणाची दास होणार नाही.

भवतु सब्ब मंगलं.